काचवाल्याचा उजवा हात

"पाच आठवडे कशाला हवेत," काचवाला म्हणाला, "मला तीन पुरतील. उरलेल्या दोनांत तुमच्या मास्तरांच्या चुका काढीन."

हे तो जेवताना म्हणाला, पूर्ण शुद्धीत म्हणाला आणि मेहुण्यासमोर म्हणाला. त्यामुळे आता परत फिरायची सोय उरली नव्हती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो गेली अकरा वर्षं शहराच्या संचलन पथकात साइड ड्रम वाजवत होता. कमरेशी तिरका लटकतो तो चपटा ड्रम. त्याच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात, म्हणून काडी पडली की नुसतं धप्प होत नाही, चर्र असं अंगावर येतं. असे दहा जण पथकाच्या पुढे एका रांगेत चालायचे. त्यातला दहावा, एक फरशी बसवणारा, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे गेल्याच महिन्यात बाहेर पडला होता. त्याच्या जागेसाठी पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मैदानावर चाचणी होती.

"दाजी, ड्रम आहे तो. त्याला मनगट लागतं."

"मग हे काय आहे?" काचवाल्यानं ताटावर हात धरला. "चार मिलिमीटरची काच मी गप्पा मारता मारता कापतो. रेघ बघ कधी. इकडची तिकडे होत नाही."

"कापता हो. पण तिला ठोकत नाही ना तुम्ही."

बायको कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची. दिवसभर शांत खोलीत बसून बारीकसारीक आवाज मोजायचे असल्यामुळे घरात ती फार बोलायची नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, आधी एकदा वाजवून तर बघा," आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुण्यानं जुना ड्रम दुकानात आणला. काचवाल्यानं पट्टा अडकवला, पोट जरा आत घेतलं, आणि अशा काही आवेशात सुरुवात केली की रस्त्यावरचे दोघं जण थांबले. ड्रमच्या तारा चर्र वाजल्या. त्याबरोबर दुकानात उभ्या केलेल्या साठेक काचा बोलायला लागल्या. काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्यावरच्या, भिंतीकडच्या, कापून ठेवलेल्या, सगळ्या. टेबलावर दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीची दुधी काच तयार होती. ती अंथरलेल्या कांबळ्यावरून सरकत सरकत कडेला आली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि खाली गेली. ते बघायला काचवाला वळला तेव्हा उजव्या हातातली काडी सुटली आणि थेट ट्यूबलाइटमध्ये घुसली.

मेहुण्यानं कोपऱ्यातला झाडू आणून दिला. "तीन आठवडे म्हणाला होतात ना?"

पण काचवाल्यानं नाद सोडला नाही, आणि त्याला कारण होतं. पथक वर्षातून चार-पाच वेळा त्याच्या दुकानावरून जायचं. शंभर पावलांवर आलं की काचा कुजबुजायला लागायच्या. सगळी गल्ली बाहेर धावायची, हा आत धावायचा. काचांच्या घोड्याला मिठी मारायची, गाल काचेला लावायचा आणि पथक लांब जाईपर्यंत तसंच उभं राहायचं. बायको बाहेर उभी राहून भावाला हात हलवायची. दुकान टाकून एकवीस वर्षं झाली होती. एकवीस वर्षांत काचवाल्यानं पथक एकदाही बघितलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं, तेही गालातून. एकदा तरी काचा धरणाऱ्यांतून काचा हलवणाऱ्यांत जायचं, एवढीच त्याची मागणी होती. आणि पथकात बावन्न पूर्ण झालेला नवा माणूस घेत नाहीत. काचवाल्याला बावन्न पूर्ण व्हायला दोन महिने होते. म्हणजे ही जागा गेली की विषय संपला.

"काड्यांची उंची बघा," मेहुण्यानं जाताना सांगितलं. "बँडमास्तर रांगेच्या टोकाला उभे राहतात, सुतळी ताणतात आणि एक डोळा मिटून बघतात. दहा माणसं उभी असतात, पण टोकावरून एकच माणूस दिसला पाहिजे. एकाच्या काड्या, एकाची मनगटं. आपल्याला वरून आपली उंची कळत नाही, समोरून बघावी लागते. मी घरी कपाटाच्या आरशापुढे करतो. तुमच्याकडे तर आरशांचा बाजार आहे."

हे खरं होतं. एका व्यायामशाळेनं नऊ आरसे मागवले होते, प्रत्येक सहा फूट उंच, तीन फूट रुंद. आरसे तयार झाले, पण व्यायामशाळेच्या भिंतींचं प्लास्टर सुकेना. म्हणून ते नऊच्या नऊ दुकानाच्या लांब भिंतीला, खाली लाकडी पट्टी देऊन, ओळीनं उभे करून ठेवले होते.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं. काचवाला शटर कमरेपर्यंत ओढायचा, पंखा बंद करायचा, काचांच्या मध्ये मध्ये पुठ्ठे कोंबायचा आणि पाचव्या आरशापुढे उभा राहायचा. शटरखालून उन्हाची एक पट्टी आत यायची. दुकानात रॉकेलचा आणि पुट्टीचा वास असायचा. बाहेर शेजारचा सायकलवाला डुलक्या घेत बसलेला असायचा; पहिल्या आठवड्यात तो बिचारा दुपारी चहाच्या टपरीवर जाऊन झोपायला लागला.

पहिला आठवडा वाईट गेला. काचवाल्याचा डावा हात रोलच्या, म्हणजे सलग ठोक्यांच्या सरीच्या, शेवटाला दर वेळी ड्रमच्या कडेवर आपटायचा. चर्र चर्र चर्र, टक्. परत, टक्. मेहुण्यानं दिलेला तो एक सात ठोक्यांचा रोल त्यानं सात दिवसांत हजारदा वाजवला असेल, आणि हजारदा टक्.

आठव्या दिवशी टक् झालं, आणि काचवाल्याला वाटलं, काहीतरी चुकलं. म्हणजे त्याचं चुकलं होतंच. पण आरशातली काडी कडेवर पडली नव्हती. ती ड्रमच्या बरोबर मधोमध पडली होती.

त्यानं काड्या ठेवल्या, पोलादी पट्टी आणली आणि आरशाला आडवी, उभी, तिरकी लावून बघितली. मग दोरा ताणून बघितला. आरसा सपाट होता. तो एक पाऊल सरकून सहाव्यापुढे उभा राहिला. टक्. आरशात मधोमध.

आरसा खोटं बोलतो हे काचवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. वाकडी काच माणसाला जाड करते, बारीक करते, एखाद्याचं कपाळ दुप्पट करते; त्याबद्दल त्यानं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्लेली होती. पण वाकडी काच माणसाची चूक दुरुस्त करत नाही. ती करत असती तर त्यानं काचांचा वेगळाच धंदा केला असता.

दोन दिवसांनी, रोलच्या ऐन मध्यात, त्याला शिंक आली. पुट्टीतल्या खडूची भुकटी नाकात गेली असणार. मोठी, दोन्ही डोळे मिटून आलेली, काड्या हवेत गेलेली शिंक. त्यानं डोळे उघडले तेव्हा समोरचा शिंकलेला नव्हता. त्यानं रोल पुरा केला होता, काड्या सारख्या उंचीवर धरल्या होत्या, आणि तो काचवाल्याकडे बघत होता. सगळी मंडळी दाराबाहेर निघालेली आणि एक जण आत चपलेचा पट्टा शोधत बसलेला, तेव्हा बाकीचे जसे बघतात, तसा.

खरं म्हणजे काचवाल्यानं घाबरायला हवं होतं. पण त्याला आधी राग आला. आपल्याच दुकानात, आपल्याच आरशात, आपल्याच तोंडाच्या माणसानं आपल्यासाठी ताटकळत उभं राहावं, यापेक्षा लाजिरवाणं काय असतं?

"परत," काचवाला म्हणाला.

समोरच्यानं सुरुवात केली. काचवाल्यानं त्याच्यामागून वाजवायला घेतलं.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. समोरच्याचं मनगट कसं वळतं, कोपर कुठे थांबतं, काडी पडल्यावर किती उसळू द्यायची, हे बघायचं आणि त्याच बाजूचा आपला हात तसाच हलवायचा. समोरचा शिकवायला चांगला होता. ओरडायचा नाही, कंटाळायचा नाही. काचवाला चुकला की फक्त काड्या धरून थांबायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी टक् गेलं. तिसऱ्या आठवड्यात काचवाला जिथे जाईल तिथे वाजवत सुटला. जेवताना दोन चमचे. दवाखान्यात बायकोला आणायला गेला तर तिथल्या बाकावर, आणि तिथे आलेल्या एका ठार बहिऱ्या आजोबांनी "कोण आलंय?" म्हणून दाराकडे बघितलं. एका बाईंच्या न्हाणीघराच्या खिडकीची काच कापायला घेतली तर हिरा त्याच्या हातात असा नाचला की काचेचे सात सारखे तुकडे झाले. बाई म्हणाल्या, मला खिडकी एकच आहे.

डबा खायचं विसरतो म्हणून एका दुपारी बायको स्वतः डबा घेऊन आली. शटरबाहेर थोडा वेळ उभी राहिली, मग वाकून आत आली.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग दुसरा कोण वाजवत होता?"

"घुमत असेल. एवढ्या काचा आहेत."

बायकोनं डबा टेबलावर ठेवला. "घुमलं की आवाज मागून येतो. हा तुमच्या आधी येत होता. केसभर आधी."

"तुला बाहेरून एवढं कळलं?"

"मी दिवसभर दुसरं काय करते?" ती आरशांकडे बघत म्हणाली. तिला त्यात दोन माणसं आणि एक डबा दिसला, जसा दिसायला हवा तसा. "अहो, एक सांगू? राग मानू नका."

"बोल."

"तो बरा वाजवतो."

"तो मीच आहे," काचवाला म्हणाला.

"मग चांगलंच आहे की." तिनं डबा उघडला. "जेवून घ्या."

चौथ्या आठवड्यात मंगळवारी रांग पुरी झाली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. सपाट आरसे एका रेषेत लावले की माणसाला आपण ज्याच्यापुढे उभे आहोत त्याच आरशात आपलं तोंड दिसतं. बाकीच्यांत भिंत, शटर, पुट्टीचा डबा असं काहीबाही दिसतं. काचवाला हे पुस्तकात शिकला नव्हता; दुकानांतून, सलूनांतून आरसे लावत लावत त्याच्या अंगात ते मुरलं होतं. आधी त्याला सहाव्या आरशात एक कोपर दिसलं. मग तिसऱ्यात खांदा. मंगळवारी त्यानं रोल सुरू केला तेव्हा पहिल्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक आरशात एक काचवाला पुरता उभा होता, पोट जरा आत घेतलेला, आणि नऊच्या नऊ वाजवत होते.

काय वाजवत होते म्हणता. पाऊस पत्र्यावर पडावा आणि एकही थेंब दुसऱ्याच्या पुढे-मागे नसावा, असं. काचवाल्याचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठल्यातरी रांगेत होता, आणि ती रांग रेशनची नव्हती. वाजवता वाजवता तो सरकत भिंतीच्या टोकाला गेला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि बघितलं.

एकच माणूस दिसत होता.

दुकानातल्या साठ काचांपैकी एकही हलली नव्हती, हे त्याच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

चाचणीच्या रविवारी मैदानावर ऊन कोवळं होतं आणि काचवाल्याची मान ताठ होती. बँडमास्तर पूर्वी रहदारी पोलीस होते. अजूनही त्यांनी सहज खांदा खाजवायला हात वर केला तरी रस्त्यावरच्या मोटारी थांबायच्या. जागेसाठी दोघंच आले होते, काचवाला आणि एक शिंपी. शिंप्यानं आधी वाजवलं. बरं वाजवलं, शिवणाच्या यंत्रासारखं, मध्ये मध्ये दोरा तुटल्यासारखं.

मग काचवाला रांगेत दहावा उभा राहिला. मास्तरांनी हात वर केला. वाजलं.

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मेहुण्याला रांगेत असूनही मान वळवायचा मोह झाला. दहा ड्रम होते आणि आवाज एक होता. मास्तर तसेच, हसत हसत, सुतळी घेऊन रांगेच्या टोकाला गेले, त्यांनी एक डोळा मिटला आणि दुसरा उघडला.

हसू गेलं.

"थांबा. दहावे, तुम्ही. आता सुरुवात कुठल्या हातानं केली?"

काचवाल्यानं हात वर केला. तो डावा होता.

"बाकीच्यांनी?"

नऊ उजवे हात वर गेले.

"पुन्हा वाजवा."

पुन्हा वाजलं. जिथे नऊ उजव्या काड्या खाली यायच्या तिथे याची डावी. जिथे त्यांची डावी तिथे याची उजवी. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत, एकही सुटला नाही.

"सगळं बरोबर आहे," मास्तर म्हणाले, "आणि सगळं उलटं आहे. असा माणूस मी बघितला नाही. डावखुरे आहात का?"

"नाही."

"जेवता कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"मग हे शिकलात कुठे?"

"आरशासमोर," काचवाला म्हणाला, आणि सगळं मैदान हसलं. शिंपी जरा जास्तच हसला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी सुतळी गुंडाळली. "कान म्हणतो घ्या, डोळा म्हणतो नको. पुढच्या रविवारी या. उजव्यानं वाजवून दाखवलंत तर जागा तुमची. नाहीतर यांची. त्याच्यापुढे मी थांबणार नाही, आणि तुमच्या वयाचा नियमही थांबणार नाही."

घरी जाताना मेहुणा स्वतःचे दोन्ही हात हवेत हलवून बघत होता. तो हसला असता तर काचवाल्याला बरं वाटलं असतं.

"दाजी, एक विचारू?"

"विचार."

"मीही आरशापुढेच शिकलो. आरशापुढे वाजवलं की आरशातला माणूस उलटा होतो." तो दाजींपुढे येऊन उभा राहिला. "तुम्ही कसे उलटे झालात?"

आरशातलं उजवं-डावं त्याला कळायला हवं होतं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलेलं नसलं तरी अपेक्षा तीच होती.

"मी त्याचं बघून शिकलो," तो शेवटी म्हणाला.

"कुणाचं?"

"चल, ऊन वाढलं."

सोमवारी दुपारी त्यानं शटर ओढलं आणि रोल उजव्या हातानं सुरू केला. नऊच्या नऊ थांबले. त्यानं पुन्हा सुरू केला. नऊ जणांनी काड्या काखेत धरल्या आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. उजव्यानं सुरुवात केली की काचवाल्याचा रोल तिसऱ्या ठोक्यावर कोसळत होता. समोर बघायला कुणी नसलं की त्याच्या हातांना काही सुचतच नव्हतं.

त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यानं घसा साफ केला. स्वतःच्या तोंडाला अहो-जाहो करायची वेळ त्याच्यावर आली होती.

"हे बघा," तो पाचव्या आरशाला म्हणाला, "चूक माझी आहे. तुमचं बरोबरच होतं. तुम्ही उजव्यानं वाजवत होतात आणि मी गाढवासारखा समोरून नक्कल करत बसलो. पण आता मला उजव्यानं यायला हवं. म्हणजे तुम्हाला डाव्यानं वाजवावं लागेल. सहा दिवस. एवढं करा. नंतर तुमचं काही असेल तर मला सांगा."

शेवटचं वाक्य त्यानं आपलं बोलायची पद्धत म्हणून म्हटलं होतं.

समोरच्यानं आपल्या हातांकडे बघितलं. आधी एका, मग दुसऱ्या. बाजूच्या आरशांतले आठ जण वळले आणि आपापल्या चौकटीच्या कडेनं बाहेर निघून गेले. त्यांच्या जागी भिंत, शटर, पुट्टीचा डबा.

पाचव्यातला राहिला. त्यानं डावी काडी उचलली.

टक्.

काचवाल्याला हसू फुटलं. त्यानं ते दाबलं, पण समोरच्यानं बघितलं आणि तोही हसायला लागला. मग दोघंही ड्रमवर हात टेकून खांदे हलवत हसत राहिले. त्या आठवड्यासारखा आठवडा काचवाल्यानं आयुष्यात घालवला नव्हता. आता कधी हा थांबायचा, कधी तो. एक चुकला की दुसरा बोट दाखवायचा. बुधवारी दोघांना एकदम शिंक आली. गुरुवारी उजव्याचा रोल पुरा झाला, शुक्रवारी दहाला दहा वेळा झाला. समोरच्याच्या कपाळावर घाम होता, काचवाल्यापेक्षा जास्त.

शनिवारी शेवटचा रोल झाल्यावर काचवाल्यानं निरोपाचा हात वर केला.

समोरच्यानं केला नाही. तो काचवाल्याच्या खांद्यावरून मागे बघत होता. अर्ध्या उघड्या शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याकडे.

संध्याकाळी व्यायामशाळेचा टेम्पो आला आणि आरसे गेले. काचवाल्यानं ते स्वतः बसवले. त्यांत दिसायला हवी तीच माणसं दिसत होती, त्यांना हवं होतं त्यापेक्षा जाड.

रविवारी मास्तरांनी सुतळी ताणली, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ उघडला नाही. "एक," ते म्हणाले. "एकच दिसतोय." मेहुण्यानं रांग मोडून येऊन दाजींना मिठी मारली, मध्ये दोन ड्रम असल्यामुळे ती मोठ्यानं वाजली. शिंप्याला झांजा मिळाल्या. तो तिथे फारच शोभून दिसला.

पंधरा दिवसांनी पथक निघालं. काचवाल्यानं दुकानातल्या काचांना पट्टे आवळले, शटर लावलं, गणवेशाची शेवटची गुंडी बायकोकडून कोंबून घेतली आणि रांगेत दहावा उभा राहिला. मास्तरांचा हात वर गेला. रस्त्यावरच्या मोटारी थांबल्या.

आणि मग काचा हलल्या. सगळ्या रस्त्याच्या. औषधाच्या दुकानाच्या, बँकेच्या, सलूनच्या. त्यातल्या निम्म्या त्यानंच बसवलेल्या होत्या आणि त्या त्याला ओळखत असल्यासारख्या झणझणत होत्या. सायकलवाला टाळ्या वाजवत होता. बायको कोपऱ्यावर उभी होती. तिनं हात हलवला, आणि मेहुणा रांगेच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे तो कुणाला हलवला यात शंकेला जागा नव्हती. काचवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रोल तुटला नाही.

रांगेत मान वळवायची नसते. पण डोळ्यांना कोपरे असतात.

फर्निचरच्या दुकानाची काच रस्त्यातली सगळ्यात मोठी. त्या काचेतून दहा जणांची रांग चालली होती. दहाही टोप्या सारख्या, दहाही पावलं सारखी. दहाव्याचं पोट जरा आत घेतलेलं. तो खुशीत होता.

पुढे वळण होतं. मास्तरांनी हात उजवीकडे टाकला.

रस्त्यावरची रांग वळली.

काचेतली रांगही वळली. नऊ जण वळले.

दहावा सरळ गेला.

काचवाल्यानं वाजवणं थांबवलं नाही. थांबवता येत नाही. रांग एकाच्या काड्यांवर चालते.

त्या दिवशी घरी सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मेहुण्यानं दोनदा जेवताना उठून चालून दाखवलं, दाजी वळणावर कसे वळले ते. बायको हसून हसून दमली. काचवाला लवकर झोपला आणि त्याला छान झोप लागली.

सकाळी तो दाढी करायला न्हाणीघरात गेला. साबण लावला आणि आरशात बघितलं. आरशात दार होतं, दारावर टॉवेल होता, वर दिवा होता.

त्यानं थोडा वेळ वाट बघितली. एकदा खाकरला. आरशात आत, पुष्कळ लांब, कुणीतरी ड्रम वाजवत चाललं होतं. रोल स्वच्छ होता. आवाज आणखी लांब गेला.

"अहो, आटपलं का?" बायकोनं बाहेरून विचारलं. "मला दवाखान्यात उशीर होतोय."

"झालंच," काचवाला म्हणाला.

त्यानं अंदाजानं दाढी केली. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं, आणि उजवीकडची अर्धी मिशी गेली.